बिनशिंगाची अंडी

यवतच्या शुक्रवारच्या बाजारातून शेळी आणायची झाली, की वरवंडची माणसं आधी हरिबाला गाडीवर घालायची आणि मग दोरी. हरिबा शेळीचं तोंड उघडून दात बघायचा, खुरं चाचपायचा, कण्यावरून अंगठा फिरवायचा. त्याची मान खाली गेली की सौदा, आडवी गेली की नुसता चहा. कसोटी एकच. वाकडं नको. पायात वाक, पाठीत वाक, चालीत वाक, काही म्हणजे काही खपायचं नाही. "आज आईच्या पायात दिसतोय, उद्या करडात उतरंल," असं तो म्हणायचा आणि लोकांना पटायचं, कारण पन्नाशीतही तो स्वतः उसासारखा ताठ होता.

पण नजर कितीही चांगली असली तरी तिचा पगार कोण देतो? म्हणून हरिबा रोज एसटीनं दौंडला जायचा आणि तिथल्या एका कॉलेजात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत शिपाईगिरी करायचा. कैक वर्षं त्याचं काम म्हणजे फॉर्मॅलिनमधल्या बेडकांच्या बरण्या पुसणं. बेडूक तक्रार करत नव्हते, हरिबाही करत नव्हता. मग प्राची मॅडम नोकरीला लागल्या आणि त्यांच्यामागून माश्या आल्या.

पिकलेल्या केळ्यावर घोंगावतात ना, त्या माश्या. तिळाएवढ्या, लाल डोळ्यांच्या. मॅडमची पीएच.डी. त्यांच्यावर चालली होती. पूर्वी जिथं फोटो धुवायचे त्या उत्तरेकडच्या अंधाऱ्या खोलीत बाटल्या मांडल्या गेल्या. माश्यांना उन्हाळा सोसत नाही म्हणून खोलीला कूलर मिळाला. प्राचार्यांना पंखाच होता. त्यावरून स्टाफरूममध्ये बरंच काही बोललं गेलं, पण कूलर हलला नाही.

माश्यांचा स्वयंपाक हरिबाच्या गळ्यात पडला. मक्याचा भरडा, गूळ, यीस्ट आणि आगर घालून तो पातेलंभर लापशी शिजवायचा आणि गरम असतानाच बाटल्यांत ओतायचा. गार झाली की ती घट्ट बसायची, मग माश्या सोडून तोंडाला कापसाचा बोळा. माश्या तिच्यावर अंडी घालायच्या, अंड्यांतून अळ्या निघायच्या आणि चारेक दिवसांत सगळी लापशी नांगरल्यासारखी उकरून ठेवायच्या.

"मॅडम, आमच्यात पाव्हण्याला सुदिक एवढा गूळ पडत न्हाई."

"पाहुणे अंडी घालतात का, हरिबामामा? घालायला लागले की त्यांनाही देऊ."

एकदा मॅडमनी त्याला मायक्रोस्कोपशी बसवलं. काचेवर तांदळाच्या दाण्यासारखं पांढरं अंडं होतं आणि त्याला पुढून दोन शिंगं फुटलेली होती. "श्वास घ्यायला असतात ती," मॅडम म्हणाल्या. मग त्यांनी काच बदलली. या अंड्यांना शिंगं नव्हती. नुसते गुळगुळीत पांढरे दाणे, एकाला लागून एक.

"यांच्यातून काही निघत नाही. माझा सगळा अभ्यास यांच्यावरच आहे."

"का निघत न्हाई?"

"मामा, माशीच्या पोटात अंडं तयार होताना आई आतला वंशाचा धागा स्वतःहून तोडते. एका जागी नाही, बऱ्याच जागी."

"सोताहून?"

"स्वतःहून. धागा तुटला की मगच तिच्या आईकडून आलेलं आणि बापाकडून आलेलं एकमेकांत मिसळतं. मग ती एकेक तुकडा सांधत बसते. सांधे बसले का ते बघायला आत एक मुकादम असतो म्हणा. मोकळी टोकं तशीच राहिलेली दिसली की तो काम थांबवतो. मग अंड्याला आपली पाठ कुठली आणि पोट कुठलं तेच कळत नाही. शिंगं यायची पाठीकडून. पाठच नाही तर येणार कुठून?"

"आन् ह्या माश्यांना सांधता येत न्हाई."

"ते सामानच त्यांच्याकडे नाही."

हरिबानं पुन्हा भिंगात डोळा घातला. "मंग तोडायचं तरी कशाला?" त्यानं विचारलं. मॅडम हसल्या आणि नोंदी करायला लागल्या. हरिबा मात्र बराच वेळ तसाच वाकून राहिला. हे कुठंतरी बघितलंय, असं त्याला वाटत होतं. कुठं ते आठवेना. त्या दिवशी त्यानं डबा तसाच घरी नेला.

ही गोष्ट दोन हजार दोन सालच्या उन्हाळ्यातली. त्या उन्हाळ्यात हरिबाच्या डोक्यात माश्यांपेक्षा मोठं काम होतं. त्याची एकुलती एक पोरगी सुलक्षणा बारावी होऊन घरी होती, आणि अक्षय्य तृतीयेला तिची सुपारी फुटायची होती. सुपारी फुटली म्हणजे लग्न ठरलं, मग मागं फिरणं नाही. मुलगा शोधायला जायची गरजच नव्हती. शिरूरकडं न्हावऱ्याला दिलेली हरिबाची थोरली बहीण म्हाळसा, तिचाच सत्यजीत. कुरकुंभच्या कंपनीत शिफ्टला जायचा, बोलायला गोड, बांधा सरळसोट. हरिबाची मान कधीच खाली हलली होती. शिवाय त्या घराची रीतच होती. पोरगी आत्याच्या नाहीतर मामाच्या घरात द्यायची. हरिबाची बायको विठाबाई त्याच्या सख्ख्या मामाची पोर. म्हाळसालाही आत्याच्याच घरात दिलेली. "सोनं घरातलं घरात," असं त्याचे वडील म्हणायचे. सुलक्षणाचीही ना नव्हती. सत्यजीतचं नाव निघालं की ती तव्यावरची भाकरी करपवायची, त्यावरून घरात काय ते समजलं होतं.

कॉलेजला सुट्टी लागली आणि मॅडम पुण्याला निघाल्या. जाताना एवढंच म्हणाल्या, "मामा, माश्या जुन्या बाटलीतून नव्या बाटलीत लोटत राहा. बाकी काही करू नका."

बाकी काही करू नका, असं आपल्याकडं कुणाला सांगावं? हरिबानं वर्षभर डोळे उघडे ठेवले होते. त्या बिनशिंगाच्या वाणाच्या बाटलीत दोन तऱ्हेच्या माश्या निघायच्या. काहींचे पंख सरळ, काहींचे वर मुडपलेले, पत्रावळीचं वाळलेलं पान मुडपावं तसे. मॅडम ईथर देऊन त्यांना गुंगवायच्या, पांढऱ्या फरशीवर पसरायच्या, ब्रशानं सरळ पंखाच्या माद्या बाजूला काढायच्या आणि उरलेली रास बाटलीत परत ढकलायच्या. हरिबानं त्याचा अर्थ शेळीबाजाराच्या हिशेबानं लावला. चांगला माल मॅडम उचलतात आणि वाणाला वाकडा राहतो. म्हणून तर वाण बिघडलाय! आपण सुट्टीत तो सुधारून ठेवला तर मॅडम किती खूश होतील.

नवी माशी निघाली तशी त्यानं तिला गुंगवली आणि निवडायला बसला. सरळ पंखाचे नर आणि माद्या नव्या बाटल्यांत. वाकडी तेवढी सगळी स्पिरिटच्या बरणीत. त्या बरणीला तो यमपुरी म्हणायचा. जुन्या बाटल्याही त्यानं उकळत्या पाण्यानं धुऊन उन्हात पालथ्या घातल्या. काम म्हणजे कसं, चोख.

नव्या बाटल्यांतल्या माश्या बघण्यासारख्या होत्या. सगळ्या सारख्या, सगळ्या ताठ, पंखांवर काचेसारखी चकाकी. हरिबा रोज बाटल्यांभोवतीची ओली पोती बदलायचा आणि समाधानानं बघायचा. माश्या लापशीवर चालायच्या, बूड टेकवायच्या, पुढं सरकायच्या. लापशी पांढरी होत चालली.

पण उकरली जाईना.

चार दिवस झाले, आठवडा झाला. लापशी जशी ओतली तशी गुळगुळीत. तिच्यावर नुसती पांढरी पूड पसरल्यासारखी दिसत होती आणि तिच्यावरून त्या देखण्या माश्या चालत होत्या. थांबत होत्या, घालत होत्या, चालत होत्या. एरवी बाटलीला कान लावला की आत बारीक कुरकुर ऐकू यायची, अळ्यांची. भर दुपारी वीज गेली, कूलर बंद पडला, आणि रिकाम्या कॉलेजात हरिबानं एकेक बाटली कानाला लावून बघितली. पंखांचा आवाज होता. त्याच्याखाली काहीच नव्हतं. पाळणे हलवताहेत आणि आत कुणी नाही, असं काहीतरी.

त्यानं ब्रशाच्या टोकानं थोडी अंडी उचलून काचेवर ठेवली. भिंगाखालच्या आरशात खिडकीचं ऊन धरलं आणि डोळा लावला.

एकालाही शिंग नव्हतं. पांढरे, गुळगुळीत, लांबट दाणे, एकाला लागून एक, ओळीनं. त्यांना पाठ नव्हती म्हणून ते कुठल्या बाजूनं पडलेत ते कळत नव्हतं, आणि ते कळत नव्हतं म्हणूनच की काय, सगळे आपल्याकडंच तोंड करून आहेत असं हरिबाला वाटलं. तो उठला. खोलीचं दार त्यानं बाहेरून कडी घालून लावलं. माश्या काही दार उघडून येणार नव्हत्या, पण कडी घातली खरी.

स्टेशनसमोरच्या एसटीडीवरून त्यानं पुण्याला फोन लावला. "मॅडम, सगळं सरळ केलं आन् सगळं थांबलं," एवढंच त्याला सांगता आलं.

मॅडम दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं आल्या. बाटल्या बघितल्या, यमपुरीची बरणी उजेडात धरली आणि खुर्चीवर बसल्या. ओरडल्या नाहीत. त्यानं हरिबाला जास्तच कसंतरी झालं.

"मामा, चूक माझी. मी सांगायला हवं होतं. वाकडा पंख हे दुखणं नाही, खूण आहे. त्या माशीच्या दोन धाग्यांपैकी एक दुसरीकडून आणलेला असतो. सांधायचं सामान त्या एका धाग्यावर शाबूत असतं, म्हणून तिची अंडी जगतात. वाण तिच्यावर चालतो."

"आन् सरळ?"

"सरळ म्हणजे आईकडूनही तोच फाटका धागा आणि बापाकडूनही तोच. दिसायला काही कमी नाही. फाटकं वरून दिसत नाही ना. एकेरी असतं तेव्हा झाकलेलं राहतं. दोन्हीकडून तेच आलं की उघडं पडतं."

हरिबानं यमपुरीची बरणी हातात घेतली. "मंग वाण गेला?"

"नाही गेला. नर आहेत की. माशीच्या नरात ही तोडायची-सांधायची भानगडच नसते, त्यामुळे त्यांचं बरं चालतं." मॅडम थोडं हसल्या. "पुण्याहून दुसऱ्या घरच्या वाकड्या पंखाच्या माद्या आणते. त्या आल्या की लागेल रांगेला."

आणि लागलंही. पुढं जूनमध्ये त्या बाटल्यांत अळ्या पुन्हा उकरायला लागल्या. पण त्या दिवशी हरिबाचं माश्यांकडं लक्षच नव्हतं. त्याला आठवलं होतं.

"मॅडम," तो खाली बघत म्हणाला, "मानसांत बी असं असतंय का? घरातल्या घरात पोरी दिल्यावर?"

मॅडमनी त्याच्याकडं बघितलं. "माणूस म्हणजे माशी नव्हे, मामा. आणि नक्की कुणी सांगू शकत नाही. पुष्कळ घरांत काही होत नाही. पण काही झाकलेलं असेल, आणि पिढ्यान् पिढ्या तिथल्या तिथंच फिरत राहिलात, तर दोन्हीकडून तेच येण्याचा धोका वाढतो. तुमच्याकडे काही झालंय का?"

"न्हाई, सहज," हरिबा म्हणाला आणि अकराची एसटी धरली.

तो घरी गेला नाही, थेट शेतात गेला. बांधाच्या टोकाला, बाभळीखाली. तिकडं गड्यानं जायचं नाही अशी त्या घराची पद्धत. दर दिव्याच्या अवसेला विठाबाई चुन्याची वाटी घेऊन एकटी जायची आणि हात धुऊन परत यायची, आणि त्यावर घरात कुणी बोलायचं नाही. हरिबा बाप होता, तरी त्यानं ती जागा लांबूनच बघितली होती. आज तो जवळ गेला.

भीमेतले गोटे होते. मुठीएवढे, लांबट, चुन्यानं पांढरे केलेले, एकाला लागून एक. न जगलेल्या एकेका लेकरामागं एक, सुलक्षणाच्या आधीचे आणि नंतरचे. काही जुने, मातीत अर्धे रुतलेले, त्याच्या आईचे असावेत. बारा वाजून गेले होते. वारा नव्हता, बाभळीचं पान हलत नव्हतं, पाखरूही बोलत नव्हतं. आपल्या डोक्यावर कुणीतरी कापसाचा बोळा घट्ट बसवलाय आणि बाहेरून कुणी वाकून आत बघतंय, असं त्याला वाटलं. त्यानं वर बघायचं टाळलं.

"हितं का आलासा?" मागं विठाबाई उभी होती, डोक्यावर वैरणीचा भारा. "गडीमानसानं यायचं नसतं."

"इठे, मला एक सांग. म्हाळसाआक्काच्या रानात बी हायेत का?"

विठाबाईनं भारा खाली टाकला. मग पदरानं तोंड पुसत म्हणाली, "तिच्याकडं जास्त हायेत."

अक्षय्य तृतीया दोन दिवसांवर होती. दुसऱ्या दिवशी हरिबा सुलक्षणाला घेऊन न्हावऱ्याला गेला. तिला त्यानं कशाला ते सांगितलं नव्हतं. सासर बघायला नेतात असं समजून तिनं नवी ओढणी घेतली होती.

म्हाळसा ओसरीत कांदे निवडत बसली होती. भाऊ आलेला बघून उठली, पोरीला आत चहाला पिटाळलं. हरिबानं बसल्या बसल्या सगळं सांगितलं. बाटल्या, पंख, शिंगं, फाटका धागा. सांगताना त्याचं त्यालाच ते येड्यासारखं वाटत होतं.

म्हाळसानं ऐकून घेतलं. "माशी बघून सोयरीक मोडाय आलास व्हय रं? उद्या ढेकूण बघून जमीन इकशील."

"आक्का, चेष्टा नको. सुपारी फुटायची न्हाई."

"सत्यात काय खोट हाय?"

"काय सुदिक न्हाई. तेच सांगतोय. खोट दिसत न्हाई."

म्हाळसाचा हात कांद्यावरच थांबला. ओसरीच्या बाहेर ऊन नुसतं पांढरं झालं होतं. ती बोलली तेव्हा आवाज बदललेला होता, जणू तिच्या आतून तिची आई बोलत होती.

"तुला काय वाटतं, हरी, आबा पोरी घरात का देत व्हते? सोनं घरात ऱ्हावं म्हनून? आपल्या घरात सोनं व्हतं कवा?"

म्हाळसानं हातातला कांदा राशीत टाकला.

"बाहेरची आनली आन् तिचं थांबलं, तर ती म्हायेरी जाऊन सांगनार. गावोगाव बोभाटा. मंग आपल्या पोरी कोन करनार? घरातलीला ठाव असतंय. ती बोलत न्हाई. चुना घिऊन गप जाती, गप येती. आबांच्या आईनं घालून दिलंय हे. रक्ताचं हाय, रक्तातच दाबायचं."

"अगं पन आक्का, दाबलं म्हनून तर..." झाकायला म्हणून घरात द्यायचं, आणि घरात दिलं म्हणून ते दोन्हीकडून येऊन भेटायचं. चार पिढ्या ही माणसं विहिरीचं तोंड झाकायला विहिरीतलीच माती उपसत होती.

दारात कपबशी वाजली. सुलक्षणा चहा घेऊन उभी होती. कधीपासून, ते कुणाला कळलं नव्हतं.

"आत्या, मला कवा सांगनार व्हतीस?"

म्हाळसानं तिच्याकडं बघितलं नाही. "पैलं गेल्यावर. आमाला बी तवाच सांगितलं."

सुलक्षणानं ट्रे खाली ठेवला. चहा थोडा सांडला. "मला आत्ता दाव."

"आगं, लग्न न झालेल्या पोरीनं..."

"आत्ता दाव, आत्या."

म्हाळसा उठली. तिनं डोक्यावर पदर घेतला आणि दोघी भर उन्हात रानाकडं गेल्या. हरिबा ओसरीतच बसला. त्याला जाता येत नव्हतं, आणि पहिल्यांदाच त्याला वाटलं, की ही पद्धत बायकांनी नव्हे, त्याच्यासारख्या बाप्यांनी स्वतःच्या सोयीसाठी काढलेली असणार. चहावर साय धरली. कुठून तरी एक माशी आली आणि कपाच्या कडेवर चालत राहिली. हरिबानं तिच्या पंखांकडं बघितलं नाही.

दोघी परतल्या तेव्हा म्हाळसा एकाएकी म्हातारी दिसत होती. सुपारीचं कुणीच नाव काढलं नाही. निघताना तिनं भाचीच्या तोंडावरून हात फिरवला आणि कानशिलावर बोटं मोडली, एवढंच.

शिरूरहून येणारी एसटी रिकामीच होती. भीमेचा पूल ओलांडेपर्यंत सुलक्षणा खिडकीबाहेर बघत होती.

"सत्याला मी सांगनार," ती म्हणाली. "तुमी न्हाई, आत्या बी न्हाई."

"बरं."

"आत्या म्हनली, त्याला बाहेरची बघते. पन सुपारी फोडायच्या आधी पोरीला रानात नेऊन दावनार. मंग तिनं ठरवायचं."

एवढं दाखवल्यावर पोरगी देणार कोण, असं हरिबाच्या ओठावर आलं होतं. त्यानं ते गिळलं. पोरीनं उजवा हात मघापासून ओढणीत गुंडाळून धरला होता.

"हाताला काय झालं?"

"आत्यानं एक गोटा उचलून हातात दिला. सत्याच्या आधीचा." ती थांबली. "बाबा, तो गार व्हता. एवढ्या उन्हात."

"सावलीत असंल."

"तिथं झाडच न्हाई."

हरिबानं तिचा हात ओढणीतून सोडवला आणि आपल्या दोन्ही हातांत धरला. खिडकीतून भट्टीसारखा वारा आत येत होता. चौफुला आला, कंडक्टरनं घंटी मारली, माणसं चढली, उतरली. हात अजून ऊब धरत नव्हता.